बेचक्यातली शिसवी फळी: टेबलासाठी सपाट कशी करावी आणि वर काय लावावं?

करवतकाठी:

नमस्कार मंडळी,

शिसवाच्या बेचक्यातली एक अखंड फळी हाती आली आहे, तिचं टेबल करायचं आहे. लांबी १७०० मिमी. रुंदी एका टोकाला ६२०, बेचक्याच्या टोकाला ८५०. जाडी ६० मिमी. एका कडेची साल अजून शाबूत आहे. दोन फांद्या जिथे एकत्र येतात तिथे मोरपिसासारखा रेषांचा पट्टा पसरला आहे आणि उरलेल्या फळीवर आडव्या लहरी आहेत. कोरड्या लाकडावर त्या धड दिसत नाहीत, पण ओलं फडकं फिरवलं की फळी जिवंत होते. ही नक्षी जपायची, एवढं एकच ध्येय आहे.

अडचणी अशा:

फळीला पीळ आहे. सपाट फरशीवर ठेवली की तीन कोपरे टेकतात, चौथा १२ मिमी अधांतरी राहतो. बेचक्याच्या टोकाकडून साधारण ३०० मिमी लांबीची चीर आत गेली आहे. ओलाव्याचं मीटर अरुंद टोकाला ११ टक्के दाखवतं, बेचक्यात १४. खालच्या बाजूला एका कोपऱ्यात रंधा मारून पाहिला, तर एका बोटावर सुलट लागतो आणि पुढच्याच बोटावर लाकूड उपटून येतं. दिशा बदलली की जिथे चांगलं होतं तिथे उपटतं.

हाताशी आहे ते: राउटर (फिरत्या पात्याने लाकूड छिलणारं विजेचं हत्यार), लोखंडी रंधा, ऑर्बिटल सँडर, पटाश्या. सपाट कशाने करू? आणि वर तेल, लाख की पीयू (पॉलियुरेथेनचं वॉर्निश)?

ओळंबा:

रुंद पट्ट्याचं सँडिंग मशीन असलेला कारखाना जवळपास असेल तर सरळ तिथे न्या. मात्र प्लेनर मशीनमध्ये अशी फळी घालू नका. रोलर फळीला दाबून धरतात, पीळ तेवढ्यापुरता सरळ होतो, मशीन वरचं लाकूड छिलतं आणि फळी बाहेर आली की पीळ परत आपल्या जागी. जाडी गेली, पीळ राहिला. शिवाय लहरींच्या लाकडात ती पाती तुमच्या रंध्यापेक्षा जास्त उपटतील.

जुनी पटाशी:

ओळंबा यांचं प्लेनरबद्दलचं म्हणणं शंभर टक्के खरं. सँडिंग मशीनलाही एक बाजू आधी सपाट करूनच द्यावी लागते, म्हणून ते काम घरीच करा. मी बरीच वर्षं बेचक्याचं लाकूड हाताळते आहे आणि मला त्याचं वेड आहे, तेव्हा उत्तर लांबेल.

आधी ओलावा. ११ आणि १४ म्हणजे फळी अजून वाळते आहे, आणि सगळीकडे सारखी वाळत नाही. जाडीच्या दर इंचाला एक वर्ष हा जुना ठोकताळा सरळ रेषेच्या फळीसाठी बरा. बेचक्यात रेषा कुठे आडव्या, कुठे उभ्या, कुठे थेट वर आलेल्या असतात, त्यामुळे तिथे तो चालत नाही. सुईच्या मीटरचा आकडाही लाकडाच्या जातीप्रमाणे थोडा इकडेतिकडे होतो. मी वजनावर जास्त विश्वास ठेवते. तुमची फळी ६०-७० किलोची असणार. दोघांनी मिळून काट्यावर ठेवा, वजन आणि तारीख तिच्या पोटावर खडूने लिहा, आणि दर आठवड्याला पुन्हा बघा. घट थांबली, आकडा तिथेच राहायला लागला, की फळी तुमच्या खोलीच्या हवेशी जुळली. तोवर खाली सारख्या जाडीच्या पट्ट्या घालून दोन्ही अंगांना वारा लागेल अशी ठेवा आणि दोन्ही टोकांना मेण किंवा जाड रंग फासा. टोकांतून ओलावा सगळ्यात भराभर जातो आणि चीर वाढते ती त्यामुळेच.

आता रंधा का उपटतो ते. तुम्हाला जी नक्षी दिसते ती रंगाची नाही. लाकडाची रेषा सरळ न जाता वर येते, खाली बुडते, पुन्हा वर येते. पुढे जाणाऱ्या पात्यासमोर रेषा खाली बुडत असेल तर पातं पोचायच्या आधीच लाकूड चिरतं, चीर खोल जाते आणि ढलपी उपटून निघते. सरळ रेषेच्या फळीत यावर दिशा बदलणं हा उपाय असतो. तुमच्या फळीत बोटाबोटावर दिशा बदलते, म्हणजे सगळीकडे सुलट अशी दिशाच नाही. रेषेची ही वरखाली चाल डोक्यात ठेवा. पुढे लाकूड हलण्याबद्दल आणि पॉलिशबद्दल लिहीन तेव्हा तीच परत येणार आहे.

म्हणून जाडकाम राउटरने करा. दोन सरळ रूळ आणि त्यावर आडवी सरकणारी गाडी. सगळा सपाटपणा रुळांवर अवलंबून आहे, तेव्हा वेळ तिथे घालवा. दोन्ही रुळांच्या टोकांपासून तिरक्या दोन दोऱ्या ताणा, त्या मध्यभागी एकमेकींना छेदतील. जेमतेम टेकल्या तर एक फेरी, मग वरची दोरी खाली आणि खालची वर करून दुसरी फेरी. दोन्ही वेळा नुसत्या टेकल्या, दाबल्या गेल्या नाहीत आणि फटही राहिली नाही, तर रूळ एका पातळीत. गाडीसुद्धा ताठ हवी. राउटरच्या वजनाने ती मध्ये लवली तर फळीला मध्ये पन्हळ पडते आणि ती नंतर पॉलिशवर उजेडात दिसते.

पिळाचं गणित नीट समजून घ्या. फळी आहे तशी तीन कोपऱ्यांवर ठेवून छिललीत तर चौथ्या कोपऱ्यावर १२ मिमी जाईल, आणि उलटी केल्यावर उरलेल्या बाजूकडूनही १२ मिमी काढावे लागतील. हाती जाडी राहील ४८. त्याऐवजी तिरक्या समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांखाली पाचरी घालून पीळ निम्मा निम्मा वाटा, प्रत्येकी ६ मिमी. मग वरून उचललेल्या दोन कोपऱ्यांवर ६, खालून उरलेल्या दोन कोपऱ्यांवर ६, आणि जाडी राहते ५४ च्या जवळपास. करवतीचे ओरखडे वगैरे जाऊन ५० तरी नक्की मिळेल. पाचरी फळीच्या मध्यातही घाला, नाहीतर फळी कंप पावते. कडेने ठोकळे लावून ती सरकणार नाही अशी जखडा, पण वरून दाबू नका.

बिट, म्हणजे राउटरचं पातं, रुंद, ४०-५० मिमीचं, आणि वेग कमी ठेवा. एका वेळी १ ते दीड मिमी, शेवटच्या फेरीला अर्ध्या मिमीपेक्षाही कमी. बेचक्याच्या भागात हात आणखी हळू.

आणि एका दमात शेवटच्या मापाला जाऊ नका. दोन्ही बाजू सपाट करून सूतभर जास्त जाडी राखा आणि फळी पुन्हा पट्ट्यांवर वाऱ्याला ठेवा. वरचं कोरडं लाकूड निघून आतलं थोडं ओलं लाकूड उघडं पडतं, आतला ताण सुटतो, फळी पुन्हा जराशी हलते. ती हलून झाली की शेवटची फेरी.

नाकातोंडाला चांगला मास्क लावा, धूळ ओढणारं यंत्र असेल तर तेही जोडा. शिसवाच्या भुश्याने अनेकांच्या त्वचेला आणि नाकाला त्रास होतो. त्याहून गंभीर म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ सालच्या अहवालात लाकडाची धूळ माणसाला कर्करोग करणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात घातली आहे. राउटरची गाडी जेवढा भुसा उडवते तेवढा दुसरं कुठलंच हत्यार उडवत नाही.

करवतकाठी:

मनापासून आभार. दोऱ्यांची युक्ती आणि ६-६ मिमीचं गणित अगदी नेमकं कळलं. वजन मोजायला सुरुवात करतो.

चिरीचं काय करू? आणि राउटरनंतर गोल गोल खुणा राहतील, त्या रंध्याने काढता येणारच नाहीत का? सँडरशिवाय मार्ग नाही?

ओळंबा:

चिरीत काळं इपॉक्सी. पहिल्या आणि शेवटच्या सपाटीच्या मध्ये जो थांबायचा वेळ आहे त्यात भरा, म्हणजे वर आलेलं इपॉक्सी शेवटच्या फेरीत आपोआप निघून जाईल. आधी चिरीतला सुटा भुसा, सालीचे तुकडे, कुजकं लाकूड खरवडून काढा. खालून टेप लावून बंद करा. चिरीच्या भिंतींना पातळ इपॉक्सीचा एक हात देऊन तो चिकट होईपर्यंत थांबा, मगच भरा. नाहीतर लाकडातली हवा वर येत राहते आणि बुडबुडे जातच नाहीत. डब्यावर एका वेळी किती खोल ओतायचं ते लिहिलेलं असतं, त्याहून जास्त ओतलं तर ते तापतं, पिवळं पडतं, तडकतं.

लांबी, म्हणजे फटी बुजवायची पुट्टी, भरू नका. पॉलिशखाली तो डाग कायम दिसतो.

जुनी पटाशी:

इपॉक्सी भरा, पण ते चीर थांबवेल अशी अपेक्षा नको. ती थांबवायला डमरू हवेत. चिरीला आडवे बसणारे लाकडी तुकडे, दोन्ही टोकांना रुंद आणि मध्ये बारीक. डमरूच्या लाकडाची रेषा त्याच्या लांबीत असली पाहिजे, म्हणजे चिरीच्या आडवी. रेषा उलट ठेवलेला डमरू बारीक कंबरेत मोडतो. खोली फळीच्या जाडीच्या निदान तिसरा हिस्सा. तुमच्या ३०० मिमी चिरीला दोन पुरतील, मोठा उघड्या टोकाकडे, लहान आत. मी ते वरच्या बाजूला बसवत नाही, फळीच्या पोटाला बसवते. मोरपिसाच्या पट्ट्यावर दुसरं काहीही नजरेत येऊ नये असं मला वाटतं. काहींना वरून दिसणारे डमरू आवडतात, तो आवडीचा भाग.

रंध्याबद्दल. मार्ग आहे, पण रंध्याची बांधणी बदलावी लागते. पात्यावर जी दुसरी पट्टी बसते, चिपब्रेकर, ती बहुतेक जण धारेपासून मिलीमीटर-दोन मिलीमीटर मागे ठेवतात आणि विसरून जातात. जपानच्या यामागाता विद्यापीठात कावाई आणि काटो या प्राध्यापकांनी पातं लाकूड कापताना अगदी जवळून चित्रित केलं. चिपब्रेकरची कड ८० अंशांच्या आसपास उभी केली आणि धारेपासून मिलीमीटरच्या दहाव्या हिश्शाएवढ्या अंतरावर आणली, तर ढलपी उठताक्षणी पुढे वळवली जाते आणि लाकूड पात्यापुढे चिरायला जागाच मिळत नाही. उलट रेषेतही पृष्ठभाग स्वच्छ येतो. तुमच्या रंध्यात हे करता येईल: चिपब्रेकरची कड दगडावर थोडी उभी घासा आणि धारेच्या इतकी जवळ आणा की मध्ये केसभर चकाकती रेघ दिसेल. पातं वस्तऱ्यासारखं धारदार आणि काप अगदी पातळ ठेवा. लहरींच्या भागात हे नक्की चालेल.

बेचक्यात मात्र मी रंधा थांबवते आणि खरवडायची पाती घेते. ही पोलादाची एक साधी आयत पट्टी, हातभर कामाला पुरते. तिची कड कानसीने काटकोनात सरळ करायची, मग दगडावर कड आणि दोन्ही गाल गुळगुळीत. त्यानंतर कठीण पोलादाची गोल सळई कडेवरून दाबून ओढायची, आधी सपाट, मग जरा, पाच-दहा अंश, कललेली. धातू कडेवरून बाहेर लोटला जातो आणि तिथे नखाला अडेल असा बारीक आकडा तयार होतो. तोच कापतो. पाती दोन्ही हातांत धरून अंगठ्यांनी मध्ये किंचित वाकवायची, पुढे कलवायची आणि ढकलायची. कापरासारखे पातळ पापुद्रे निघाले पाहिजेत. नुसती पूड पडायला लागली तर आकडा मेला, सळई पुन्हा फिरवा. पाती तापते, अंगठे भाजतात, अंगठ्यांना टेप गुंडाळा. एकाच जागी खरवडत राहिलात तर तिथे खोलगट होतं, म्हणून दिशा आणि जागा बदलत राहा.

मग पॉलिश पेपर. राउटरच्या खुणा राहिल्या असतील तर ८० पासून, नसतील तर १२० पासून. पुढे १५०, १८०, २२०, मधला एकही नंबर गाळू नका. प्रत्येक नंबरच्या आधी फळीभर पेन्सिलीच्या पुसट रेघा मारा, त्या सगळ्या गेल्या की तो नंबर झाला. सपाट फळीत आपण शेवटचा हात रेषेच्या दिशेने मारतो. बेचक्यात रेषेला एक दिशाच नाही, तिथे कुठल्याही दिशेचा ओरखडा कुठे ना कुठे आडवाच पडतो. म्हणून तिथे २२० ला जास्त वेळ द्या, सँडर सावकाश चालवा, दाबू नका. दिवे बंद करून एक दिवा फळीच्या कडेला अगदी खाली ठेवा आणि स्पिरिटने पुसून पाहा. ओलं असताना जे ओरखडे दिसतील तेच पॉलिशखाली दिसणार आहेत.

लाखदाणा:

इतक्या सुंदर लाकडावर पीयूचा थर चढवू नका एवढीच विनंती. मी अक्रोडाच्या लहरी फळ्यांवर उकळलेलं अळशीचं तेल लावत आले आहे. तेल मुरतं, नक्षी खोलवर उजळते, आणि पुढे ओरखडा पडला तर तेवढ्याच जागी पुन्हा तेल चोळता येतं. पीयू निघालं तर सगळं खरवडावं लागतं.

जुनी पटाशी:

लाखदाणा, अक्रोडावर मीही तेलच लावते आणि दुरुस्तीबद्दलचं तुमचं म्हणणं अगदी योग्य आहे. पण हा शिसव आहे. त्याच्या लाकडात मुळातच काही तेलकट द्रव्यं असतात आणि ती तेलाला, तेलावर आधारलेल्या वॉर्निशलाही, नीट वाळू देत नाहीत. आठवडे उलटले तरी हात चिकटतो. मेण मिसळलेल्या तयार तेलांचंही शिसवावर तेच होऊ शकतं.

दुसरं, शिसव आधीच गडद. नक्षी चमकते ती उजेडामुळे. आडव्या पडलेल्या रेषा उजेड परत फेकतात, वर आलेली टोकं तो गिळतात, आणि तुम्ही टेबलाभोवती फिरलात की उजळ पट्टे गडद होतात, गडद उजळ. ही रेषेची तीच वरखाली चाल. वर आलेली टोकं तेलही जास्त पितात आणि काळपटतात. फिक्या लाकडात त्याने नक्षी उठते. गडद शिसवात बेचक्याचा भाग नुसता काळा होऊन बसण्याची भीती असते.

म्हणून माझा क्रम असा. शेवटच्या पेपरनंतर भुसा झटकून असिटोनने पुसायचं आणि लगेच, वरचं तेल पुन्हा पृष्ठभागावर यायच्या आत, मेण काढलेल्या लाखेचा पातळ हात. एका लिटर स्पिरिटात १२० ग्रॅम लाख, त्याहून घट्ट नको. कापडाचा बोळा करून एका ओढीत लावा, वाळलं की दुसरा हात. लाख टोकांची तोंडं बंद करते, त्यामुळे पुढचा थर सगळीकडे सारखा बसतो, आणि लाकडातल्या तेलालाही अडवते. लाख मेण काढलेलीच हवी, कारण मेणवाल्या लाखेवर पीयू धरत नाही, पुढे पापुद्रे सुटतात. मग ३२० ने हलकं घासून, पुसून लावायचं पातळ वॉर्निश किंवा पीयू, चार-पाच हात. प्रत्येक हात कापडाने इतका पातळ की ओघळ येणारच नाही. जाड ब्रशने काचेसारखा थर मलाही नको वाटतो, पण पातळ हातांचं पीयू तसं दिसत नाही. नुसत्या लाखेवर टेबल सोडू नका, गरम भांड्याने आणि पाण्याने पांढरे गोल उठतात.

शिसवाची छिद्रं मोठी असतात. एकदम नितळ पृष्ठभाग हवा असेल तर दुसऱ्या हाताचं वॉर्निश ओलं असतानाच ४०० च्या पेपरने घासा, जो गाळ होतो तो छिद्रांत बसतो. वरचा जास्तीचा आडव्या दिशेने पुसून घ्या. मी छिद्रं उघडी ठेवणं पसंत करते.

हे सगळं आधी फळीच्या पोटावर, बेचक्याच्याच भागात, करून बघा. दुसऱ्या तुकड्यावर केलेली चाचणी इथे उपयोगाची नाही.

आणि लाखदाणा यांचं ऐकून कोणी अळशीचं तेल लावणार असेल तर त्याची फडकी गोळा करून टाकू नका. तेल वाळताना उष्णता निघते आणि चुरगळलेलं फडकं आपोआप पेट घेतं. एकेरी पसरून बाहेर वाळवा किंवा पाण्याच्या डब्यात बुडवा. तेलावर आधारलेल्या वॉर्निशच्या फडक्यांनाही हेच लागू.

लाखदाणा:

शिसवावर तेल चिकट राहतं हे माझ्या ध्यानात नव्हतं, माझं सगळं काम अक्रोडावर. लाखेचा हात आधी देणं पटलं.

करवतकाठी:

वजन स्थिरावलं. राउटरची पहिली सपाटी झाली, चीर भरली, दोन डमरू पोटाला बसवले. फळी वाऱ्याला ठेवली तेव्हा बेचक्याचं टोक खरंच मिलीमीटरभर उचललं. शेवटच्या फेरीत ते गेलं, जाडी ५१ राहिली. पातीने लहरींवर पापुद्रे निघायला लागले आहेत.

आता शेवटचं विचारतो: खाली लोखंडी चौकट आणि पाय लावायचे आहेत. स्क्रूने घट्ट आवळले की फळी पुन्हा पिळणार नाही ना?

जुनी पटाशी:

५१ छान राहिली!

घट्ट आवळा, पण रुंदीत हलायला जागा ठेवून. शिसव ओल्यापासून पूर्ण कोरडा होईपर्यंत वाढचक्रांच्या दिशेने साधारण ५.८ टक्के आकसतो, त्यांच्या आडव्या दिशेने निम्म्याहून कमी. दमट आणि कोरड्या दिवसांत लाकडाचा ओलावा ४ टक्क्यांनी बदलला तर तुमची ८५० मिमी रुंदी ६ मिमीच्या आसपास कमीजास्त होऊ शकते. लांबीत जवळजवळ काहीच नाही. हे हलणं कुठल्याही स्क्रूला थांबवता येत नाही. अडवलंत तर फळी चिरते, आणि ती चिरणार तुमच्या भरलेल्या चिरीच्या शेजारीच.

चौकटीच्या आडव्या पट्ट्यांना गोल भोकांऐवजी रुंदीच्या दिशेने लांबट भोकं पाडून घ्या, प्रत्येकी १५ मिमी तरी. मधल्या ओळीतली भोकं गोल ठेवा, म्हणजे फळी मध्यापासून दोन्हीकडे सारखी सरकेल. लाकडात धातूच्या आट्यांची बूच बसवून त्यात बोल्ट घ्या, खाली रुंद वायसर. वायसर फिरणार नाही इतपत आवळा, त्याहून जास्त जोर नको. बेचक्याच्या पट्ट्यात आणि डमरूंच्या जवळ एकही बोल्ट घेऊ नका. तिथली रेषा कुठे जाते याचा भरवसा नाही.

पायांच्या आधी पोटालाही वरच्याएवढेच हात द्या, लाखेचे आणि वॉर्निशचे. डमरूंच्या कडा, बोल्टची भोकं, बेचक्याचं उघडं टोक, सगळीकडे. एकीकडून ओलावा भराभर आत-बाहेर होऊ लागला आणि दुसरीकडून नाही, तर फळीला पन्हळ येते. टोकाला एखादा हात जास्तच द्या, ते पीत राहतं.

आणि साल काढून टाका. लाकूड वाळलं की ती आज ना उद्या सुटतेच. बोथट पटाशीने उचलून काढा, खालचा नैसर्गिक उंचसखलपणा तसाच ठेवा, आणि पितळी तारांच्या ब्रशने साफ करून बाकीच्या फळीसारखेच हात द्या.